हवेच्या खोलीची किल्ली

(वाचनालयाच्या स्मृती-व्याख्यानमालेतील व्याख्यान. छापताना बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर मला आठवी ते दहावी भौतिकशास्त्र शिकवायचे. परळच्या आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत त्यांनी भिंतीवर दोन थर्मामीटर टांगले होते. एक साधा. दुसऱ्याच्या पाऱ्याच्या गोळीला बुटाची पांढरी नाडी गुंडाळलेली आणि नाडीचं दुसरं टोक शाईच्या दौतीतल्या पाण्यात. रोज प्रार्थनेनंतर एका मुलानं दोन्ही आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे. एप्रिलमध्ये दोन आकड्यांत पाच-सहा अंशांचं अंतर असायचं, जुलैत एखाद-दुसऱ्या अंशाचं. अंतर मिटत आलं की समजायचं, हवेचं पोट भरलंय, आता तिला आणखी पाणी जाणार नाही, असं सर सांगायचे. त्या दोन थर्मामीटरांवर मी पुढे चाळीस वर्षं माझं पोट भरलं.

विषय कळवला तेव्हा संयोजकांचा चेहरा जरा पडला होता, हे मी पाहिलं. याच व्यासपीठावर संतसाहित्यावर, शेतीवर, अवकाशयानांवर व्याख्यानं झाली आणि हा गृहस्थ म्हणतो, मी एएचयूवर बोलतो. एएचयू म्हणजे एअर हँडलिंग युनिट. कोशात त्याला काहीतरी भारदस्त मराठी नाव असेलही, पण ते घेऊन मी प्लांटवर हाक मारली तर माझा एकही मेकॅनिक वळून बघणार नाही. तेव्हा एएचयूच म्हणू.

तुम्ही सगळ्यांनी त्याचं दार पाहिलंय. मोठ्या ऑफिसात, मॉलमध्ये, इस्पितळात, लिफ्टच्या शेजारी किंवा स्वच्छतागृहाच्या बाजूला एक पाटी नसलेलं दार असतं. आतून घूं घूं आवाज येतो, दाराला कान लावला तर दार हलकेच थरथरतं. उघडायला गेलात तर आत ओढल्यासारखं जड लागतं. आत पत्र्याची एक मोठी पेटी, छोट्या टेम्पोएवढी. तिला जोडलेले पाण्याचे दोन जाड पाइप, त्यांवर काळं इन्सुलेशन. आणि पेटीच्या भोवती, माझ्या चाळीस वर्षांच्या अनुभवात हमखास, इतर सामान. मागच्या दिवाळीचे कंदील, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, फिनेलचे कॅन, ओले मॉप, जुन्या फायलींचे गठ्ठे. ऑफिसात रिकामी वाटणारी ती एकमेव खोली असते ना!

ती रिकामी नसते. बऱ्याच इमारतींत हॉलमधून परत येणारी हवा नळीतून नव्हे, तर थेट त्या खोलीत येते आणि पेटी ती तिथून ओढून घेते. त्यामुळेच दार आत ओढलं जातं. म्हणजे ती खोली हाच हवेच्या रस्त्याचा एक तुकडा असतो. एका कार्यालयात लोक दोन महिने ओल्या फडक्याच्या वासाची तक्रार करत होते. गालिचे बदलले, खुर्च्या धुतल्या, एका निरपराध माणसाच्या डब्यावरही संशय घेतला. अखेर आम्हाला बोलावलं. एएचयू रूमचं दार उघडलं तर आत मॉपची बादली. रोज सकाळी नऊपासून त्या बादलीवरून गेलेली हवा दीडशे माणसांच्या डोक्यावर पडत होती.

आता या पेटीचा जन्म कशासाठी झाला ते सांगतो. माणसाला गार वाटावं म्हणून झाला, असा आपला समज असतो. तसं नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सॅकेट अँड विल्हेल्म्स नावाचा रंगीत छपाईचा कारखाना होता. रंगीत चित्र छापायचं तर तोच कागद एकेका रंगासाठी पुन्हा पुन्हा यंत्रातून जातो. उन्हाळ्यात दमट हवेत कागद पाणी पिऊन फुगायचा, कोरड्या दिवशी आकसायचा, आणि काल छापलेल्या पिवळ्यावर आज निळा बरोबर बसायचा नाही. विलिस कॅरियर नावाच्या विशी-पंचविशीतल्या इंजिनिअरनं तिथे थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा नेऊन आर्द्रता वर्षभर ५५ टक्क्यांवर धरायची योजना आखली. गारवा मिळाला तो आनुषंगिक. आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात कागदाच्या सोयीसाठी झाली.

कॅरियरची पुढची कल्पना मला अजूनही चकित करते. त्यानंच सांगितलेली हकिकत अशी, की पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर धुकं दाटलं होतं, गाडीला वेळ होता आणि धुक्याकडे बघता बघता त्याच्या मनात आलं, की हवा कोरडी करायची असेल तर तिला पाण्याच्या फवाऱ्यातून न्यावं. आमच्या वर्गात हे सांगितलं तर मागच्या बाकावरून हशा आला असता. कपडे वाळवायला कोणी पावसात टांगतं का? पण हिशेब सरळ आहे. गार हवेच्या पोटात कमी पाणी मावतं. फवाऱ्याचं पाणी पुरेसं थंड ठेवलं की हवा त्याच्याइतकी थंड होते, जादा पाणी तिला सोडावंच लागतं आणि ते फवाऱ्यातच मिसळून खाली पडतं. बाहेर निघते ती हवा किती पाणी घेऊन निघेल, हे फवाऱ्याच्या पाण्याच्या तापमानावर ठरतं. एक तापमान सांभाळलं की आर्द्रता सांभाळली गेली. १९०६ साली त्याला याचं पेटंट मिळालं. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द मात्र त्याचा नाही. त्याच वर्षी तो वापरात आणला स्टुअर्ट क्रेमर यांनी, आणि ते होते कापडगिरण्यांचे इंजिनिअर.

कापडगिरण्या म्हटलं की मी लालबागला पोहोचतो. माझे वडील साचेखात्यात विणकर. सूत कोरडं पडलं की ठिसूळ होतं, त्यावर स्थिर वीज साचते, धागा तुटतो. विणकराची मजुरी कापडावर, म्हणजे तुटलेला धागा थेट घरखर्चातून जायचा. खात्यात शिरल्यावर वडील आधी बॉबिनमधून वीतभर सूत ओढून अंगठा आणि तर्जनी यांत चोळायचे. 'आज कडक आहे,' असं ते घरी येऊन म्हणाले, की त्या दिवशी आईनं काही मागायचं नसे. दमट मुंबईत गिरण्या वाढल्या त्याला इतर कारणं पुष्कळ होती, पण हवा सुताच्या सोयीची होती हे त्यांतलं एक. नागपूरला एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, तिथे मात्र उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी, की जमशेदजी टाटांना आर्द्रता वाढवणारी यंत्रं बसवावी लागली.

१९७८ मध्ये मी वडिलांच्याच गिरणीत ह्युमिडिफिकेशन प्लांटवर उमेदवार म्हणून लागलो. खोलीएवढं काँक्रीटचं कोठार, त्यात शेकडो नॉझल, नॉझलमधून पाण्याचा फवारा, त्यापुढे नागमोडी पत्रे, म्हणजे हवेबरोबर निघालेले थेंब तिथेच आपटून खाली पडावेत, आणि मग दोन पुरुष उंचीचा पंखा. माझं काम नॉझलमध्ये अडकलेली रुई टोच्यानं काढायची. खात्याच्या खिडक्या उघडायला बंदी होती. आत ओल मोजून दिलेली, पण ती सुताच्या मापाची. त्या ओलीत आणि उकाड्यात माणसांचं काय होतं याचं खातं कुठे नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मी गिरणीच्या हवेतून ऑफिसांच्या हवेत आलो.

विदर्भातले कोणी इथे असतील तर त्यांना सरांची नाडी वेगळी समजवायला नको. नागपूरचा कूलर म्हणजे तीच नाडी मोठी केलेली. मे महिन्यात बेचाळीस अंशांची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून ओढली की ती पाणी पिते, आणि पाणी पिताना स्वतःची उष्णता खर्च करते. खोली गार होते. मृगाचा पाऊस झाला की तोच कूलर, तेच पाणी, तोच वाळा, आणि खोलीत नुसती चिकचिक. हवेचं पोट भरलेलं असतं. मुंबईत माठातलं पाणी नागपूरइतकं गार का होत नाही याचं उत्तरही हेच. मुंबई-कोकण-गोव्यात हवा गार करायची तर आधी तिच्याकडून पाणी काढून घ्यावं लागतं, आणि एएचयूची खरी मेहनत तिथे आहे.

चला, हवेबरोबर पेटीतून जाऊ. ऑफिसच्या एका मजल्याचा मध्यम एएचयू घ्या, आमच्या भाषेत दहा हजार सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला १०,००० घनफूट हवा. हवेचं वजन घनमीटरला साधारण १.२ किलो. हिशेब केलात तर ही पेटी तासाला वीस टन हवा उचलते आणि पुढे टाकते. दहा टनी दोन ट्रकांचा माल, दर तासाला, डोक्यावरच्या पत्र्याच्या नळीतून.

यांतले चार भाग हवा आतली, परत आलेली, २४ अंशांची. पाचवा भाग बाहेरची ताजी, जुलैत समजा ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता. दोन्ही वाटांवर पत्र्याच्या पट्ट्यांच्या झडपा असतात, त्यांना डॅम्पर म्हणतात. ताज्या हवेचा डॅम्पर लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय. आणि बाहेरची हवा कुठून घेतली आहे तेही बघावं लागतं. पार्किंगच्या तोंडाशी, जनरेटरच्या धुराड्याशेजारी, कबुतरांच्या वळचणीला घेतलेल्या हवा मी पाहिल्या आहेत. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. एका अनोळखी न्यूमोनियानं तीसेक माणसं दगावली. काही महिन्यांनी जिवाणू सापडला, त्याचं नाव लिजिओनेला. संशय होता वातानुकूलनाच्या कूलिंग टॉवरमधून उडून हवेबरोबर आत शिरलेल्या तुषारांवर. ही हकिकत कळल्यापासून टॉवर आणि हवेचं तोंड शेजारी शेजारी दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

मिसळलेली हवा मग फिल्टरमधून जाते. फिल्टरबद्दल एकच सांगतो: तो मळतो म्हणजे आपलं काम करतो. तो मळल्यावर न धुणं किंवा न बदलणं हा आपला दोष. भोकं बुजली की पंख्याला हवा मिळत नाही, हवा कमी झाली की तक्रार येते, तक्रार आली की कोणीतरी हुशार माणूस फिल्टर काढूनच टाकतो. दोन दिवस सगळे खूश. मग ती धूळ कॉइलवर बसते.

कॉइल म्हणजे तांब्याच्या नळ्यांच्या चार, सहा, आठ रांगा आणि त्यांवर ॲल्युमिनिअमचे कागदासारखे पातळ पंख, इंचाला दहा-बारा. नळ्यांतून चिलरचं, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं, सात अंशांचं पाणी येतं, हवेची उष्णता घेऊन बाराच्या आसपास परत जातं. हवा सेकंदाला अडीच मीटर वेगानं येते आणि वीतभर जाडीच्या त्या जाळ्यातून पार होते. पापणी लवायच्या आत ती साडेपंचवीसवरून तेरा अंशांवर येते आणि अंगावरचं पाणी सोडते. बाहेरच्या त्या जुलैच्या हवेत किलोमागे बावीस-तेवीस ग्रॅम पाणी असतं. तेरा अंशांच्या हवेत मावतं नऊ-साडेनऊ ग्रॅम. उरलेले तेरा ग्रॅम पंखांवरून ओघळतात. ताजी हवा तासाला चार टन धरा. पन्नास लिटरांच्या वर पाणी झालं, म्हणजे दर तासाला तीन-चार हंडे, एका मजल्याच्या एका पेटीतून. भायखळ्याच्या चाळीत आम्ही नळाला रांग लावायचो तेव्हा कोणी हवेतून हंडे भरता येतात म्हटलं असतं तर खुळ्यात काढलं असतं.

हे पाणी कॉइलखालच्या ट्रेमध्ये पडतं आणि तिथून नळीनं मोरीत जातं. इथे मला थोडं थांबू द्या, कारण या नळीनं मला जेवढं छळलं तेवढं कोणत्याही चिलरनं छळलं नाही. पंखा कॉइलच्या पुढे बसवलेला असतो, तो हवा ओढतो, त्यामुळे कॉइलच्या कप्प्यात बाहेरच्यापेक्षा दाब कमी. नळी सरळ मोरीत सोडलीत तर काय होईल? पाणी बाहेर जायच्याऐवजी मोरीतली हवा नळीतून वर आत ओढली जाईल. ट्रे तुडुंब भरतो, पाणी जमिनीवर येतं, खालच्या मजल्याच्या छतावर डाग पडतो आणि गवंड्याला शिव्या बसतात. उपाय काय? बेसिनखाली असतो तसा नळीला एक बाक द्यायचा, त्यात पाणी साचून राहतं आणि हवेला अडवतं. बाकाची खोली पंख्याच्या ओढीपेक्षा जास्त हवी. दीडशे रुपयांचा पाइप. मी कितीतरी कोट्यवधींच्या इमारतींत तो उथळ पाहिलाय, उलटा पाहिलाय, किंवा पाहिलाच नाही. आणि ट्रेमध्ये पाणी साचलं की शेवाळ, बुरशी, आणि मग ती सकाळची पहिली हवा, कुबट. एसी लावल्याबरोबर शिंका येणाऱ्यांनी थंडीला दोष देण्यापूर्वी ट्रे बघावा.

पुढे पंखा. ज्याला आम्ही ब्लोअर म्हणतो तो गोल पिंजऱ्यासारखा, पुढे वळलेल्या बारीक पात्यांचा. त्याची कुळकथा आपल्या देशातून जाते, म्हणून सांगतो. सॅम्युअल डेव्हिडसन नावाचा आयरिश पोरगा १८६४ मध्ये आसामच्या बाजूला चहाच्या मळ्यात आला. चहाची पानं वाळवायला तेव्हा कोळशाच्या शेगड्या. त्यानं गरम हवेचं यंत्र बनवलं, परत जाऊन बेलफास्टला कारखाना काढला, त्याला वाळवंटी वाऱ्याचं नाव दिलं, सिरोक्को. हवा ढकलता ढकलता १८९८ मध्ये त्यानं पुढे वळलेल्या पात्यांच्या पंख्याचं पेटंट घेतलं. १९०३ मध्ये बेलफास्टचं रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हा त्याच्या तळघरात डेव्हिडसनच्या कारखान्याचे पंखे होते. हवा आत येताना नारळाच्या काथ्याच्या ओल्या दोरांतून गाळली जायची आणि भुयारासारख्या लांब नळीतून वॉर्डांत जायची. कॅरियरच्या कागदाला वर्ष झालं होतं, आणि इथे मात्र खाटेवरच्या माणसासाठी हवा तयार होत होती.

पंख्याचा एक नियम सगळ्यांना उपयोगाचा आहे. त्याची वीज वेगाच्या घनानं वाढते. वेग शंभराचा ऐंशी केलात तर वीज जवळजवळ निम्मी लागते. म्हणून आता मोटरला वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्ह लावतात. बेल्ट सैल झाला की वेग नको असताना घटतो: थंडी कमी, आवाज जास्त.

थंड प्रदेशात याच पेटीत आणखी एक कॉइल असते, गरम पाण्याची किंवा वाफेची. माझी मुलगी न्यू जर्सीत राहते, तिच्या घराच्या तळघरात गॅसवर हवा तापवणारी भट्टी आणि ब्लोअर आहे, एएचयूचाच धाकटा भाऊ. जानेवारीत तिकडे गेलो आणि चार दिवसांत ओठ फुटले, दाराच्या मुठीला हात लावला की चटका. मला सूत आठवलं. उणे पाच अंशांच्या हवेत किलोमागे अडीच ग्रॅमही पाणी नसतं. तीच हवा एकवीस अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता येते सोळा टक्क्यांवर. नागपूरच्या मे महिन्यासारखी हवा, बाहेर बर्फ असताना. जावईबापूंनी ह्युमिडिफायर लावला आणि मी त्याचं नॉझल साफ करत बसलो. उमेदवारीतलं काम सुटत नाही.

आपल्याकडेही गरम कॉइल लागते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. पुण्या-मुंबईत पावसाळ्यात बाहेर पंचवीस-सव्वीस अंश असतं, खोलीचा थर्मोस्टॅट लगेच समाधानी होतो, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद पडतो, आणि हवा पाण्यासकट आत येत राहते. आकडा चोवीस, पण कागद लोळागोळा आणि अंग चिकट. शस्त्रक्रियागृहात हे चालत नाही. तिथे हवा आधी तेरापर्यंत थंड करून पाणी काढतात आणि मग थोडी तापवून सोडतात. वीजबचतीचं ऑडिट करणारे साहेब येतात, एकाच पेटीत थंडी आणि गरमी पाहून कपाळाला हात लावतात. त्यांना मी दोन थर्मामीटरांची गोष्ट सांगतो. काहींना पटते.

आता त्या डॅम्परकडे.

मघाच्या हिशेबात ताजी हवा पाचवा हिस्सा होती. पण तिच्यात उष्णता आणि पाणी दोन्ही भरलेलं, म्हणून कॉइलचं जवळपास चाळीस टक्के काम तिच्या एकटीमुळे होतं. डॅम्परची मूठ फिरवून तो बंद करा, बिल उतरतं, खोली उलट लवकर गार होते, आणि तक्रार एकही येत नाही. थंडी आपल्या कातडीला कळते. शिळी हवा कळत नाही. त्यासाठी आपल्याला इंद्रियच दिलेलं नाही. बाहेरून आत येणाऱ्याला वास येतो, आत बसलेल्याला नाही. म्यूनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगून ठेवलं, की माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजा, दहा लाखांत हजार भागांवर गेला की हवा शिळी समजा. तो वायू स्वतः तेवढ्यानं घातक नसतो, पण कितीजणांचा श्वास किती वेळा फिरून आला याचा तो पंचनामा असतो.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत बचतीची लाट आली. तिथल्या अभियंत्यांच्या ॲश्रे या संस्थेचं मानक १९८१ मध्ये माणशी किमान पाच सीएफएमपर्यंत खाली आलं. बंद काचांच्या इमारतींत डोकेदुखी, डोळ्यांची आग, मरगळ यांच्या तक्रारी वाढल्या, 'आजारी इमारत' असा शब्दप्रयोग रुळला, आणि १९८९ मध्ये तो आकडा पुन्हा पंधरावर नेला. कागदावर नेला. कागदावरचा आकडा डॅम्परपर्यंत पोहोचायला मधे एक माणूस लागतो, आणि त्या माणसाबद्दल मला कबुली द्यायची आहे.

नव्वदच्या दशकात एका कंपनीच्या कार्यालयाचं काम माझ्याकडे होतं. बिल कमी करा, असा वरून निरोप. मी एका शनिवारी सगळ्या मजल्यांचे ताज्या हवेचे डॅम्पर बंद केले आणि मुठी तारेनं बांधून टाकल्या. पुढच्या महिन्याचं बिल पाहून साहेबांनी चहा पाजला, वार्षिक समारंभात माझं नाव घेतलं. दुपारी तीननंतर लोक पेंगतात ही तक्रार तिथे होतीच. ती वाढली तेव्हा कॅन्टीनच्या भातावर ढकलली गेली. त्यात माझा भात नव्हता म्हणून मीही हसलो. पुढे हातात कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आलं तेव्हा एका दुपारी तिथल्या बैठकीच्या खोलीत मी अडीच हजारांचा आकडा पाहिला. तार मीच सोडवली. पण मधली पाच वर्षं तिथल्या लोकांनी एकमेकांची हवा घेतली, ती माझ्या हिशेबात बचत म्हणून जमा होती.

हे छोटं यंत्र आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. व्याख्यान सुरू झालं तेव्हा ६४० होतं, आता १३१०. पाठीमागे दोघेजण डुलताहेत त्याचा दोष मी पूर्णपणे माझ्या वक्तृत्वाकडे घेत नाही! या सभागृहात मागच्या वर्षी स्प्लिट एसी बसले, छान आहेत. पण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची एक फुंकरही घेत नाही. खिडक्यांना काच बसवताना हे कोणी संयोजकांना सांगितलं नसणार. मागचं दार जरा उघडता का? हां. थँक्यू.

२०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, ताज्या हवेची ही गोष्ट सगळ्यांना एकदम कळली. इशरे या आपल्याकडच्या संस्थेनं सूचना काढल्या: तापमान चोवीस ते तीस, आर्द्रता चाळीस ते सत्तर टक्के, बाहेरची हवा जेवढी घेता येईल तेवढी घ्या. अचानक सगळ्यांना एएचयू रूमच्या किल्ल्या हव्या होत्या. काही ठिकाणी किल्ली सापडेना, कुलपं तोडावी लागली. आत डॅम्पर होते, गंजून एकाच जागी बसलेले. काही ठिकाणी ताज्या हवेच्या तोंडावर नकाशात डॅम्पर होता आणि प्रत्यक्षात वीट-सिमेंट.

बिल आणि ताजी हवा यांचं भांडण कायमचं नाही. बाहेर जाणारी गार हवा आणि आत येणारी गरम हवा यांच्यामध्ये एक मोठं चक्र सावकाश फिरवतात, मिनिटाला वीसेक फेरे. मधाच्या पोळ्यासारखं ते चक्र जाणाऱ्या हवेचा गारवा आणि कोरडेपणा उचलून येणाऱ्या हवेला देतं. चांगल्या चक्रानं ताज्या हवेवरचा निम्म्याहून अधिक खर्च वाचतो. महाग आहे, जागा खातं, आणि इमारतीच्या जाहिरातीत दिसत नाही. संगमरवर दिसतो.

शेवटचं एक सांगतो. निवृत्तीनंतर मी एका इस्पितळाच्या कामात जातो. शस्त्रक्रियागृहात तासाला किमान वीस वेळा हवा बदलावी लागते, छतातल्या बारीक फिल्टरमधून गाळून, आणि आत थोडा जादा दाब ठेवून, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जावी, कॉरिडॉरमधली आत येऊ नये. क्षयाच्या वॉर्डात नेमकं उलटं, आत दाब कमी. तीच पेटी, तेच पंखे, फक्त किती ढकलायचं आणि किती ओढायचं याचा फरक. रात्रपाळीला तिथे एक प्लांट ऑपरेटर आहे, साताऱ्याकडचा, दहावी झालेला. त्याची एएचयू रूम मी पाहिलेल्या सगळ्या खोल्यांत स्वच्छ. लादी पुसलेली, फिल्टर बदलल्याची तारीख भिंतीवर खडूनं. ना मॉप, ना कंदील.

ताज्या हवेच्या जाळीपाशी काहीतरी हलताना दिसलं. जवळ गेलो. त्यानं जाळीच्या पट्टीला वीतभर पांढरं सूत बांधलं होतं, गाठ मारून, एक टोक मोकळं. ते आत, पेटीच्या दिशेनं, आडवं ताणून फडफडत होतं. मी विचारलं, हे काय? तो जरा ओशाळला. म्हणाला, साहेब, मीटर आहे, पण बॅटरी संपते. हे लोंबलं की समजतं, हवा येत नाही.

मी ते सूत अंगठ्यात आणि बोटात धरलं. कडक नव्हतं.